वाळवंटातला हिवाळा आणि सकाळी सातची मीटिंग

वाचकाचे पत्र

मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. माझे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझी नोकरी अजून दोन वर्षे आहे. मी एका विमा कंपनीच्या संगणक विभागात आहे आणि माझे सगळे काम घरूनच चालते. आम्ही पंचवीस फुटांची एक जुनी मोटरहोम घेतली आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ॲरिझोनात राहावे, जानेवारीअखेरपर्यंत क्वार्ट्‌झसाइटजवळच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर मुक्काम करावा आणि पुढचे दोन महिने युमाच्या एखाद्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या तळावर, काढावेत, असा यजमानांचा बेत आहे. गाडीच्या छतावर ४०० वॉटची सोलर पॅनेल आहेत आणि १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत. यजमान म्हणतात, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची डिश घेतली की प्रश्न मिटला. मित्रमंडळी म्हणतात, पार्कमध्ये वाय-फाय फुकट असते, मग हा खर्च कशाला? माझ्या दिवसाचे तीन-चार तास व्हिडिओ मीटिंगमध्ये जातात आणि बोलता बोलता चित्र गोठले की मला फार संकोच होतो. शिवाय साताऱ्याला सासूबाई एकट्या असतात. त्यांच्याशी आम्ही रोज रात्री जेवणानंतर व्हिडिओवर बोलतो. हे सगळे निभेल का? की मी निवृत्तीपर्यंत थांबावे?

एक वाचक, एडिसन


उत्तर

स. न. वि. वि.

निवृत्तीपर्यंत थांबण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. मात्र बेत आज आहे तसाच ठेवून निघालात, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही, तुमचे यजमान आणि तुमचे वरिष्ठ असे तिघेही वैतागलेले असाल. तो बेत कुठे बदलायचा ते मी पुढे सांगतो. त्याआधी यजमानांचे म्हणणे आणि मित्रमंडळींचे म्हणणे या दोन्हींत एकच उणीव आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. दोघेही एकाच जोडणीवर विसंबून राहायला सांगत आहेत. सुटीवर आलेल्या माणसाला ते परवडते. इंटरनेट गेले तर तो खुर्ची बाहेर काढून बसतो. ज्याला सकाळी ठरलेल्या मिनिटाला पडद्यावर हजर राहायचे आहे, त्याच्याकडे दोन मार्ग हवेत, आणि ते दोन मार्ग एकाच कारणाने बंद पडणारे नसावेत. दोन फोन एकाच कंपनीचे असले तर ते दोन मार्ग झाले असे म्हणता येत नाही, कारण टॉवर एकच आहे. एक मार्ग जमिनीवरच्या टॉवरचा आणि दुसरा आकाशातला असेल, तर मात्र तुम्ही निश्चिंतपणे चहाचा कप हातात घेऊन मीटिंगला बसू शकता.

आधी फोनचे पाहू, कारण तो तुमच्याकडे आहेच. अमेरिकेत स्वतःचे देशव्यापी जाळे चालवणाऱ्या प्रमुख कंपन्या तीन आहेत: व्हेरायझन, एटीअँडटी आणि टी-मोबाइल. बाकीची स्वस्त नावे बहुतेक याच तिघींच्या टॉवरवर भाड्याने चालतात. तुमच्या घरी, जसे बहुतेक मराठी घरांत असते तसे, सगळ्यांचे फोन एकाच फॅमिली प्लॅनवर असणार. एडिसनमध्ये त्याने फरक पडत नाही; ॲरिझोनाच्या पश्चिम भागात पडतो. तिथे डोंगराच्या एका बाजूला एका कंपनीचा सिग्नल उत्तम असतो आणि दोन मैल पुढे गेले की दुसरीचा. म्हणून यजमानांचा फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर न्या, किंवा नंबर तसाच ठेवून त्याच फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय चालणारे सिम, घाला. काही कंपन्या ई-सिमवर थोड्या दिवसांची मोफत चाचणी देतात. तिचा उपयोग घरी बसून करण्यापेक्षा ॲरिझोनात पोहोचल्यावर करावा. कुठे कोणाचा सिग्नल आहे हे आधी पाहण्यासाठी एफसीसी या सरकारी आयोगाचा ब्रॉडबँड नकाशा उघडा. त्यात प्रत्येक कंपनीची मोबाइल सेवा वेगवेगळी दाखवली जाते, आणि उघड्यावर उभ्या माणसाला मिळणारी सेवा व चालत्या वाहनात मिळणारी सेवा असा भेदही केलेला असतो. दोन्ही नकाशे जिथे रंगलेले दिसतील तीच जागा धरावी. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर फार विश्वास ठेवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या साध्या ॲपमध्ये सिग्नलच्या ताकदीचा डीबीएम या एककातला आकडा दिसतो, तो उणे ८० ते ९० च्या आसपास असेल तर उत्तम, आणि उणे ११० च्या पलीकडे गेला की त्या जागी मीटिंगचा भरवसा धरू नये.

सिग्नल चांगला असूनही इंटरनेट रखडते, याचा अनुभव मात्र नव्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. कारण टॉवरची क्षमता ठरलेली असते, आणि गर्दी झाली की कंपनी ग्राहकांना रांगेत लावते. महाग प्लॅनवाले पुढे, स्वस्त प्लॅनवाले आणि भाड्याच्या जाळ्यावरचे बहुतेक ग्राहक मागे. ‘अनलिमिटेड’ असे छापलेल्या प्लॅनमध्येही विशिष्ट डेटा वापरून झाल्यावर तुम्हाला मागे ढकलले जाऊ शकते. त्याशिवाय हॉटस्पॉटची मर्यादा निराळी असते: फोनवर पाहिलेल्या व्हिडिओला मर्यादा नसली, तरी त्याच फोनवरून लॅपटॉपला दिलेला डेटा ठरावीक गीगाबाइटनंतर इतका मंदावतो की त्यावर ईमेलपलीकडे काही होत नाही. तेव्हा प्लॅन निवडताना दोन प्रश्न विचारा: प्राधान्याचा डेटा किती, आणि हॉटस्पॉटचा पूर्ण वेगाचा डेटा किती? विक्रेता या प्रश्नांना सरळ आकड्यात उत्तर देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आता क्वार्ट्‌झसाइट. २०२०च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या २,४०० च्या आसपास होती. आय-१० आणि यूएस-९५ या महामार्गांच्या चौकातले हे लहानसे गाव हिवाळ्यात हजारो आरव्हींनी वेढले जाते, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तिथे आरव्हींचे मोठे प्रदर्शन भरते तेव्हा गर्दी शिगेला पोहोचते. गावाच्या मानाने बसवलेले टॉवर त्या दिवसांत अक्षरशः हात टेकतात. यजमान म्हणतील, म्हणूनच तर स्टारलिंक घ्यायची. इथेच त्यांचा हिशेब चुकतो. उपग्रहाचीही एका भूभागाला सेवा देण्याची क्षमता मर्यादित असते, आणि प्रवाशांसाठीची ‘रोम’ योजना गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकांच्या मागे धरली जाते. एकाच मैदानावर शेकडो डिश आकाशाकडे पाहत असतील तर त्यांचा वेगही सायंकाळी उतरतो. म्हणजे मी वर सांगितलेली अट, की दोन मार्ग एकाच कारणाने बंद पडू नयेत, नेमकी त्याच आठवड्यांत मोडते: दोन्ही मार्ग गर्दीने अडतात.

म्हणून बेताचा क्रम उलटा करा. डिसेंबर आणि जानेवारी युमाच्या पार्कमध्ये काढा आणि फेब्रुवारीत, प्रदर्शन आटोपून गर्दी ओसरू लागली की, वाळवंटात या. जागेची अडचण येणार नाही, कारण या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे, ज्यांत क्वार्ट्‌झसाइटच्या दक्षिणेचे ला पोसा येते, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात परवाना घेऊन राहण्यासाठी खुली असतात. इतरत्र सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारण १४ दिवसांनी जागा सोडावी लागते. नोकरी करणाऱ्या माणसाने दर पंधरवड्याला नवा सिग्नल शोधत फिरणे बरे नव्हे. युमाच्या पार्कमध्ये हिवाळ्याची जागा मिळणे मात्र सोपे नाही, तेव्हा आरक्षणाचा फोन या आठवड्यातच करा. प्रदर्शन पाहायचेच असेल तर युमाहून एखाद्या शनिवारी गाडीने जाऊन यावे. अंतर सुमारे ऐंशी मैलांचे आहे आणि शनिवारी तुमची मीटिंग नसते.

पार्कच्या फुकट वाय-फायबद्दल मित्रमंडळींनी सांगितलेले अर्धे खरे आहे: ते फुकट असते. पण बहुतेक ठिकाणी त्याची स्थिती चाळीतल्या एकुलत्या एका नळासारखी असते. पहाटे धार जोरात, आणि सगळे उठले की थेंब थेंब. पार्कच्या कार्यालयात येणारी एकच जोडणी दीडशे-दोनशे गाड्यांत वाटली जाते, आणि तुमची जागा वाय-फायच्या खांबापासून लांब असेल तर तीही पोहोचत नाही. त्यावर कंपनीचे काम करू नका. लॅपटॉपचे अपडेट आणि फोटोंची साठवण अशी बिनघाईची कामे रात्री झोपताना त्यावर लावून द्या. मात्र आरक्षणाच्या फोनवर एक प्रश्न आवर्जून विचारा: महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना आपल्या जागेवर केबल कंपनीची स्वतंत्र जोडणी घेता येते का? हिवाळी पाहुण्यांवर चालणाऱ्या अनेक पार्कमध्ये ही सोय असते, आणि मासिक कराराने जोडणी मिळत असेल तर दीड महिन्यासाठी त्याहून चांगले काही नाही. तारेतून येणारे इंटरनेट असले की तुमचे डिसेंबर-जानेवारी एडिसनच्या घरासारखेच जातील, आणि फोन फक्त राखीव म्हणून राहील. दोन पार्कांपैकी एकात पोहण्याचा तलाव मोठा असेल आणि दुसऱ्यात ही जोडणी मिळत असेल, तर तलावाचा मोह सोडा.

अशा वेळी कोणी तुम्हाला आणखी एक युक्ती सांगेल: घरच्या ५जी इंटरनेटचा डबाच उचलून गाडीत ठेवायचा. तो बऱ्याचदा चालतोही, पण ती सेवा नोंदवलेल्या पत्त्यापुरती विकलेली असते, आणि कंपनीने जागा बदलल्याचे पाहून ती बंद केली तर तक्रार करायला तुम्हाला तोंड राहत नाही. प्रवासात वापरण्यासाठीच्या निराळ्या योजना मिळतात; त्या महाग आहेत, पण त्या बंद पडण्याची भीती नाही.

वाळवंटात स्टारलिंक घ्यावी का? घ्यावी. ती दुसरा मार्ग म्हणून उत्तम आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कदाचित पहिलाच मार्ग ठरेल. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असत आणि प्रत्येक वाक्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब लागे. त्यामुळे संभाषणात दोघेही एकाच वेळी बोलत आणि दोघेही थांबत. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे विलंब इतका कमी असतो की तो मीटिंगमध्ये जाणवत नाही. तिला एकच गोष्ट लागते: मोकळे आकाश. डिशला वर पाहताना साधारण १०० अंशांहून रुंद असा आकाशाचा तुकडा लागतो, आणि उपग्रह सतत सरकत असल्यामुळे मधे आलेले एक झाडही दर काही मिनिटांनी एक-दोन सेकंदांचा खंड पाडते. चित्रपट पाहताना तो खंड कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. मीटिंगमध्ये मात्र नेमके तुम्ही बोलत असतानाच तो पडतो. ला पोसाच्या मैदानात झाडांची अडचण जवळपास नाही, पण शेजारी उंच गाडी उभी राहिली तर तीही झाडाइतकाच त्रास देते. म्हणून डिश छतावर कायमची ठोकून बसवू नका. लांब केबल घ्या, डिश जमिनीवर किंवा खांबावर ठेवा, स्टारलिंकच्या ॲपमधून फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून अडथळे तपासा आणि मग जागा ठरवा. तिथला वारा डिशची तिवई आडवी पाडण्याइतका असतो. तिच्या पायांवर दगड किंवा वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात.

डिश कोणती घ्यायची, हा प्रश्न तुमच्या बाबतीत वेगाचा नाही, विजेचा आहे. पत्रात तुम्ही आकडे दिलेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून सुमारे अडीच युनिट वीज साठवतात (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). छतावर सपाट पडलेली ४०० वॉटची पॅनेल डिसेंबर-जानेवारीच्या तिरप्या उन्हात दिवसाला साधारण एक युनिट देतील, फेब्रुवारीच्या शेवटी त्याहून बरेच अधिक. मोठी डिश सरासरी ७५ ते १०० वॉट घेते, म्हणजे कामाच्या आठ तासांत ६०० ते ८०० वॉट-तास, आणि इन्व्हर्टरमधली गळती वेगळी. लहान ‘मिनी’ डिश २५ ते ४० वॉटमध्ये चालते, म्हणजे तेवढ्याच वेळात २०० ते ३२० वॉट-तास, शिवाय ती बॅटरीच्या डीसी विजेवर योग्य वायर वापरून थेट चालवता येत असल्याने इन्व्हर्टर लागत नाही. तुमच्या लॅपटॉपला दिवसभरात ४०० वॉट-तास धरा. रात्री वाळवंटात चांगलीच थंडी पडते आणि गॅसवर चालणाऱ्या हीटरचा पंखादेखील बॅटरीवरच फिरतो. त्याला आणखी तीन-चारशे. मोठी डिश घेतली तर रोजची तूट वाढत जाईल आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनरेटर लावावा लागेल. मिनी घेतली तर फेब्रुवारीत जेमतेम जमेल आणि मार्चमध्ये आरामात. म्हणून मिनी. वेग थोडा कमी मिळेल, पण एका मीटिंगला दोन्ही दिशांनी तीन-चार मेगाबिट पुरतात. जाहिरातीतले शेकडो मेगाबिट तुमच्या कामाचे नाहीत. वाळवंटाचा मुक्काम फेब्रुवारीवर ढकलण्याला हे दुसरे कारण.

डेटाचा हिशेब केलात तर घरात वाद होण्याची शक्यता आहे, तरी तो करा. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक गीगाबाइट लागतो. चार तास मीटिंग आणि बाकीचे काम धरून दिवसाला पाच, महिन्याला कामाचे बावीस दिवस म्हणजे ११० गीगाबाइट. याउलट सायंकाळी दोन तास एचडीमध्ये मालिका किंवा चित्रपट पाहिला तर तासाला तीन याप्रमाणे दिवसाला सहा, आणि त्याला सुटीचा दिवस नसतो: महिन्याला १८०. म्हणजे तुमच्या नोकरीपेक्षा यजमानांची करमणूक अधिक डेटा खाते. उपाय भांडणाचा नाही. टीव्हीच्या ॲपमध्ये चित्राची प्रत एक पायरी खाली आणली की छोट्या पडद्यावर फरक दिसत नाही आणि खप तिसऱ्या हिश्श्यावर येतो. क्रिकेटचा प्रश्न मात्र वेळेचा आहे. ॲरिझोना भारताच्या साडेबारा तास मागे आहे, त्यामुळे भारतात सायंकाळी सातला सुरू होणारा टी-ट्वेंटी सामना तुमच्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होतो, आणि तुमच्या कंपनीचे नऊ म्हणजे ॲरिझोनातले सात. सामना रंगात येईल तेव्हाच तुमची मीटिंग सुरू होणार. यजमानांनी सामना स्वतःच्या फोनच्या डेटावर पाहावा, डिश तुमच्यासाठी सोडावी, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका.

वेळेतला हा फरक एरवी तुमच्या फायद्याचा आहे. न्यू जर्सीच्या वेळेनुसार काम केल्यास तुमचा दिवस ॲरिझोनात सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनला संपतो; मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यू जर्सीची घड्याळे तासभर पुढे जातात आणि ॲरिझोनाची जात नाहीत, त्यानंतर तो सहा ते दोन होईल. जाळ्यावर सर्वाधिक गर्दी सायंकाळी सहानंतर होते, म्हणजे तुमचे काम गर्दीपूर्वीच आटोपलेले असेल. जानेवारीत सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि फेब्रुवारीअखेरीस सातच्या सुमारास, त्यामुळे पहिला तास रात्रीच्या उरलेल्या बॅटरीवर काढावा लागेल. रात्री झोपताना डिश बंद करण्याची सवय लावा. सासूबाईंचा फोन मात्र नेमका गर्दीच्या वेळी येतो. तुमच्या रात्री आठला साताऱ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आणि तेव्हा पार्कमधला प्रत्येक जण काही ना काही पाहत असतो. ही वेळ दुपारी चारवर आणली तर साताऱ्यात पहाटेचे साडेचार होतील, म्हणजे ती बाद. पण तुमच्या सकाळी सव्वासहाला तिथे संध्याकाळचे पावणेसात असतात. दिवेलागणीची वेळ, त्या घरात असतात आणि जाळे मोकळे असते. यजमान निवृत्त आहेत, हे काम त्यांनी घ्यावे, आणि तुम्ही चहा होईपर्यंत पाच मिनिटे डोकवावे. आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी, निवांत बोला. सासूबाईंना वेळ बदलण्याचे कारण आधी समजावून सांगा. एडिसन आणि ॲरिझोना यांच्यातही दोन तासांचा (मार्चच्या मध्यापासून तीन तासांचा) फरक आहे हे त्यांच्या लक्षात नसेल, आणि ठरल्या वेळी फोन आला नाही की वय झालेली माणसे भलतेच काही मनात आणतात.

दोन मार्ग झाले की ते एकत्र बांधणारे काहीतरी लागते. प्रवासासाठीचे लहान राउटर मिळतात. त्यांत डिशची केबल, फोनचा हॉटस्पॉट आणि पार्कचे वाय-फाय तिन्ही जोडता येतात, आणि एक बंद पडले की राउटर आपोआप दुसऱ्यावर जातो. लॅपटॉपला कायम एकच वाय-फाय दिसते, त्यामुळे पासवर्डची शोधाशोध राहत नाही. हा बदल होताना कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला कार्यालयाशी जोडणारा सुरक्षित दुवा, मात्र तुटून पुन्हा जुळतो आणि मीटिंगमध्ये काही सेकंद जातात. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरून हा खंडही टाळणाऱ्या सेवा आहेत, पण त्यांचे सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅपटॉपवर घालण्याची परवानगी बहुधा मिळणार नाही, आणि ते राउटरमध्ये बसवण्याचा खर्च तुमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. त्याऐवजी एक बिनखर्ची उपाय करा: मीटिंगमध्ये चित्र लॅपटॉपवरून आणि आवाज फोनच्या साध्या कॉलवरून जोडा. बहुतेक मीटिंग सेवांत फोन नंबर लावून सामील होण्याची सोय असते. मग डिशने दोन सेकंद दगा दिला तरी तुमचे वाक्य पूर्ण ऐकू जाते, आणि चित्र गोठल्याची कोणी दखल घेत नाही. तुमचा संकोच याने बराचसा जाईल असे मला वाटते.

सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरवर शेकडो डॉलर घालवण्याची घाई करू नका. तो क्षीण सिग्नल मोठा करतो, पण गर्दीत अडकलेल्या टॉवरचे काही करू शकत नाही. आधुनिक फोन एकाच वेळी अनेक अँटेनांनी डेटा घेतात, तो फायदाही बूस्टरमधून जाताना अनेकदा कमी होतो. शिवाय तो आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवावा लागतो. तुमचा पैसा खर्च करण्याचा क्रम मी असा लावीन: आधी दुसऱ्या कंपनीचे सिम, मग राउटर, मग मिनी डिश, आणि मार्चपर्यंत खरोखर गरज पडलीच तर राउटरला जोडायची बाहेरची अँटेना.

काही किरकोळ पण महत्त्वाच्या गोष्टी राहतात. फोनवर वाय-फाय कॉलिंग वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधला आपत्कालीन पत्ता प्रत्येक मुक्कामी बदला. नाहीतर ९११ लावल्यावर मदत पथकाला एडिसनचा पत्ता दिसण्याचा धोका आहे. आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सिग्नल नसतानाही उपग्रहाद्वारे मदतीचा संदेश पाठवता येतो. तो कसा पाठवायचा याचा सराव फोनमध्येच करता येतो, तो दोघांनीही करा. भारतातल्या बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येत असतील तर त्या सिमला मोबाइल जाळे आणि सुरू असलेले रोमिंग लागते. डिश चालू आहे म्हणून ओटीपी येईलच असे नाही, तेव्हा मुदत ठेवींची कामे निघण्यापूर्वी उरका. युमापासून मेक्सिकोची हद्द अगदी जवळ आहे आणि तिथे फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो. सरहद्दीकडे फिरायला जाताना रोमिंगची अट पाहून घ्या. दातांच्या कामासाठी लोस अल्गोदोनेसला जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही गेलात तर कंपनीचा लॅपटॉप गाडीतच राहू द्या. आणि तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला आत्ताच लेखी कळवा. दुसऱ्या राज्यात महिनोन्‌महिने काम केले की आयकराची कपात आणि माहितीच्या सुरक्षेचे नियम असे प्रश्न उभे राहतात, आणि ते मार्चमध्ये कळण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये कळलेले बरे.

जाता-येतानाच्या दिवसांत काम करण्याचा प्रयत्न करू नका. ते दिवस रजेत धरा. एखाद्या दिवशी अगदीच अडले तर वाटेतल्या गावाचे सार्वजनिक वाचनालय गाठा. लहान गावांतही तिथे वाय-फाय, टेबल आणि विजेचा प्लग मिळतो, आणि कोणी काही विकत घ्या असे म्हणत नाही.

या सगळ्याची चाचणी घराच्या अंगणात घेऊन उपयोग नाही, कारण एडिसनमध्ये सगळेच चालते. ऑक्टोबरात एखादा शुक्रवार ते सोमवार असा मुक्काम दक्षिण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये, वॉर्टन स्टेट फॉरेस्टच्या परिसरात करा. तिथे पाइनची झाडे डिशला अडवतील आणि टॉवरही विरळ आहेत; ॲरिझोनाहून परिस्थिती अधिक कठीण असेल, म्हणूनच ती जागा मी सुचवतो. शुक्रवारी आणि सोमवारी तिथूनच पूर्ण दिवस काम करा. नुसता वेग मोजू नका. यजमानांना दूर उभे करून त्यांच्याशी तासभर व्हिडिओवर बोला, मधेच डिशचा प्लग काढायला सांगा आणि राउटर दुसऱ्या मार्गावर किती वेळात जातो ते पाहा. संध्याकाळी बॅटरीत किती टक्के उरले ते लिहून ठेवा. मार्चअखेर परतल्यावर डिशची योजना विसरून चालू ठेवू नका. ती ॲपमधून थांबवता येते, आणि त्या वेळी लागू असलेले शुल्क वाचूनच पुढच्या हंगामाचे ठरवा.